शेजाऱ्यांसाठी रांधलेलं

पिनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये ‘इंडियन जेवण कुठे मिळेल?’ असं विचारलं, की उत्तराआधी उलटा प्रश्न येतो: कुठलं? मामाक, बनाना लीफ, की नॉर्थ इंडियन?

मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खानावळ. भात, दहाबारा प्रकारच्या करी, तव्यावरची रोटी, परतलेल्या नूडल्स, उंचावरून ओतलेला चहा. यातल्या बऱ्याच जागा मध्यरात्र उलटली तरी उघड्या असतात. बनाना लीफ म्हणजे तमिळ हिंदूंचं केळीच्या पानावरचं जेवण: भात, दोन-तीन भाज्या, सांबार, रसम, पापड, वर हवं तर मटण किंवा मासळी. तिसऱ्या प्रकारात नान, तंदुरी, बटर चिकन, म्हणजे जगात सगळीकडे सारखंच मिळतं ते. आपल्याकडून जाणारे सहलीचे गट बहुतेक या तिसऱ्या दारातून आत शिरतात आणि जिरा राइस, दाल फ्राय खाऊन समाधानाने बाहेर पडतात. त्यात वाईट काही नाही, पण पिनांगला जाऊन आल्याचा पुरावा त्या जेवणात सापडणार नाही.

शहराची गोष्ट पहिल्या दोन दारांशी आहे, आणि त्यातही जास्त पहिल्या दाराशी. कारण मामाकांचं अन्न गावाकडून जपून आणलेलं नाही. भारतातून आलेल्या माणसाने भारतीय नसलेल्या गिऱ्हाइकासाठी, त्याची जीभ, त्याचा धर्म आणि त्याचा खिसा बघून ते घडवलं. परदेशी गेलेला समाज घरची चव टिकवतो, हे आपण नेहमी ऐकतो. इथे उलट झालं. घरची चव घरात राहिली. रस्त्यावर आलं ते शेजाऱ्यांसाठी रांधलेलं.

कावडीतला भात

पिनांगचा सर्वांत लाडका पदार्थ ‘नासी कंदार’. मलायमध्ये नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. शंभरेक वर्षांपूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले एका पारड्यात भाताचं भांडं आणि दुसऱ्यात करीची भांडी घेऊन पहाटे बंदराच्या बाजूला निघत. गिऱ्हाईक म्हणजे गोदीतले हमाल. त्यांत तमिळ होते, चिनी होते, मलायही होते. सगळ्यांना हवं होतं ते एकच: कामाला लागण्यापूर्वी पोटभर, झणझणीत आणि स्वस्त. मसाल्याचा हात त्या हिशेबाने बसला.

आज कावड कुठे दिसत नाही, नाव तेवढं राहिलं. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं ‘हमीदिया’ 1907 पासूनचं. पिनांग रोडला लागून एका बोळात ‘लाइन क्लिअर’ आहे. कपितान केलिंग मशिदीच्या बाजूला रात्री उशिरा उघडणारं एक दुकान आहे. तिथे इतकी वर्षं रांग लागत आली, की त्याचं नावच ‘बेरातुर’, म्हणजे ‘रांगेत’, असं पडलं.

वाढपी कसा वाढतो ते जरा जवळून बघायला हवं. समोर काचेआड भांडी मांडलेली असतात: तळलेली कोंबडी, काळपट सोया आणि मसाल्यात शिजवलेलं गोमांस, मटण, माखलीचे तुकडे, माशाचं डोकं, माशाची अंडी, खारवलेली उकडलेली अंडी, अख्खी भेंडी, वाफवलेला कोबी. ताटात आधी भाताचा ढीग पडतो. तुम्ही बोट दाखवाल ती कोंबडी उचलून तो दोन-तीन घावांत तिचे तुकडे करतो, बाजूला दोन भेंड्या ठेवतो. इथपर्यंत आपल्या खानावळीपेक्षा वेगळं काही नाही. मग तो विचारतो, ‘कुआह चम्पूर?’ म्हणजे रस्से एकत्र करू का? हो म्हणायचं असतं. पळी एका भांड्यातून दुसऱ्यात फिरते. कोंबडीचा रस्सा, त्यावर माशाच्या आंबट करीचा, त्यावर गोडसर कुर्मा, वरून काळा दाट सोयायुक्त रस्सा. ‘बांजिर’ म्हणालात, म्हणजे पूर आणा, तर भात दिसेनासा होतो. बिलाचा आकडा बऱ्याच ठिकाणी ताटाकडे एक नजर टाकून ठरतो. त्यावरून कुरकुर करणं हाही नासी कंदारचाच एक भाग आहे.

तमिळनाडूतल्या कुठल्याही घरात कोंबडीच्या रश्श्यावर माशाचा रस्सा ओतला तर वाढणाऱ्याला बोलणी बसतील. मटणाचा मसाला वेगळा, मासळीचा वेगळा, हे तिथलं व्याकरण. आपल्याकडे मालवणात आणि कोल्हापुरात तेच. पिनांगमध्ये हे व्याकरण मोडलं, कारण खाणाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याला भात ओला आणि चवदार हवा होता. वाढपी पळी फिरवत गेला आणि त्या मिसळणीतून जी पाचवी चव तयार झाली, तीच पुढे पदार्थाची ओळख झाली. आता एकाच करीचा नासी कंदार मागितला, तर वाढपी तुमच्याकडे जरा दयेने बघतो.

कैदी, व्यापारी आणि एक दर्गा

11 ऑगस्ट 1786 रोजी फ्रान्सिस लाइट याने ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने हे बेट ताब्यात घेतलं. बेट केदाहच्या सुलतानाचं होतं. समोरच्या केदाहच्या किनाऱ्यावर तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांचा वावर त्याआधीपासून होता. नव्या बंदरात तेही आले. त्यांना चुलिया म्हणत. जॉर्ज टाउनच्या मधोमध जाणारा चुलिया स्ट्रीट त्यांचाच. त्यांच्या प्रमुखाला कंपनीने ‘कपितान’ हे पद दिलं, आणि कादर मोहिदीन या कपितानाच्या पुढाकाराने 1801 मध्ये उभी राहिलेली मशीद आजही त्या पदाच्या नावाने ओळखली जाते.

दुसरे आले ते बेड्यांमध्ये. 1790 नंतर कंपनीने भारतातले जन्मठेपेचे कैदी इकडे पाठवायला सुरुवात केली. बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातूनही माणसं काळ्या पाण्यावर आली. अंदमान पुढची गोष्ट. त्याआधी पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही काळ्या पाण्याची मुख्य ठिकाणं होती. रस्ते, पूल, सरकारी इमारती या कैद्यांनी बांधल्या. 1818 मध्ये पुरं झालेलं इथलं सेंट जॉर्ज चर्चही कैद्यांच्याच श्रमाचं. ही पद्धत 1873 मध्ये संपली. मुंबई इलाख्यातले ते लोक शहराच्या गर्दीत विरघळून गेले. त्यांच्या नावाची गल्ली नाही, पदार्थ नाही, देऊळ नाही.

तिसरे आले मळ्यांसाठी. आधी समोरच्या किनाऱ्यावरच्या उसाला, मग विसाव्या शतकात रबराला. करारावर मजूर आणण्याची पद्धत मलायात 1910 मध्ये बंद झाली. मग भरतीची मदार मुख्यतः आपल्या गावाहून माणसं आणणाऱ्या ‘कंगाणीं’वर, म्हणजे मुकादमांवर, आली. 1938 मध्ये भारत सरकारने ही मजूरभरती थांबवली. बहुसंख्य लोक तमिळ. थोडे तेलुगू, मल्याळी. मद्रास-नागपट्टणम-पिनांग-सिंगापूर या मार्गावर ‘राजुला’ ही बोट 1926 पासून जवळपास अर्धशतक फिरत होती. मलेशियातल्या कित्येक तमिळ घरांत आजोबा-पणजोबांच्या आठवणीत या बोटीचं नाव असतं.

नागपट्टणमच्या शेजारचं गाव म्हणजे नागूर. सोळाव्या शतकातले सूफी संत शाहुल हमीद यांचा तिथे दर्गा आहे. समुद्रावर जाणारा माणूस, मग तो मुसलमान असो की हिंदू, निघण्यापूर्वी त्यांना नवस बोले. पलीकडे सुखरूप पोचलेल्यांनी तिथेही त्यांची स्थानं बांधली. सिंगापूरच्या तेलोक आयेर रस्त्यावर एक आहे, आणि पिनांगमध्ये चुलिया स्ट्रीट आणि किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक. पिनांगचं स्थान लहानसं, पांढरट, येताजाता नजरेतून निसटेल असं. भिंतीला लागून छोटी दुकानं. आत कबर नाही, स्मारक आहे.

मराठी माणसाला इथे थांबायला एक कारण आहे. मूळ नागूरच्या दर्ग्याला पाच मिनार आहेत आणि त्यांतला सर्वांत उंच मिनार बांधला तो तंजावरच्या मराठा राजाने, व्यंकोजीराजांचा नातू प्रतापसिंह याने, अठराव्या शतकात. बंदराकडे येणाऱ्या गलबतांना दूरवरून दिसणारा तो मिनार भोसल्यांच्या खजिन्यातून उभा राहिला. पिनांगला निघालेल्या चुलियांनी मागे वळून बघितलेल्या किनाऱ्यावर तो होता. शिवाजी महाराजांच्या सावत्रभावाचं घराणं, एक सूफी संत आणि मलायातला भाताचा धंदा एका धाग्यात येतात, ही कुणाची कल्पना नाही. बंगालच्या उपसागराचा व्यवहारच तसा होता.

चिनी नूडल्स, तमिळ कढई

‘मी गोरेंग’ हा पदार्थ मामाकांचा, पण त्यातल्या सामानाची यादी बघा. पिवळ्या जाड नूडल्स चिनी. टोफू आणि मोड आलेले मूग चिनी. माखली बंदरावरची. मिरचीचं वाटण मलाय ‘साम्बाल’च्या वळणाचं. वर टोमॅटोचा गोडसर सॉस आणि उकडलेला बटाटा. आणि हे सगळं मोठ्या आचेवर परतणारा हात तमिळ मुसलमानाचा. भारतात हा पदार्थ कुठेही नाही. चीनमध्येही नाही. चिनी कारागिराकडून नूडल्स घ्यायच्या, डुकराची चरबी वगळून तेलात परतायच्या, म्हणजे मलाय आणि मुसलमान गिऱ्हाईक निर्धास्त. आणि चव इतकी चटपटीत करायची की चिनी गिऱ्हाईकही परत येईल. पानावर लिंबाची छोटी फोड येते. ती पिळल्याशिवाय त्या गोड-तिखटाला धार येत नाही.

‘पासेम्बुर’ही याच वंशातला. काकडीचा आणि बेंकुआंग नावाच्या कंदाचा कीस, कोळंबीची भजी, टोफू, बटाटा, अंडं. काचेच्या कपाटातून हवं ते निवडायचं, गाडीवाला कात्रीने किंवा सुरीने तुकडे करतो आणि वरून रताळं, शेंगदाणे आणि मिरचीचा गरम दाट रस ओततो.

रोती चनाई हा मैद्याचा पराठा. मळलेल्या कणकेचे गोळे तेलात बुडवून मुरवत ठेवतात. ओट्यावर तेलाचा हात फिरवून गोळा चपटा करायचा, कडा धरून हवेत भिरकावून आपटायचा. तीन-चार फटक्यांत तो पलीकडचं दिसेल इतका पातळ होतो. मग घड्या, मग तवा. उतरवल्यावर दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवल्यासारखा दाबतात, त्याने पदर सुटतात. बरोबर डाळ आणि करी. केरळ-तमिळनाडूचा परोटा हाच याचा पूर्वज, पण पुढचा संसार पिनांगचा, क्वालालंपूरचा: कांद्याचा, अंड्याचा, केळ्याचा, डब्यातल्या सार्डिन माशांचा, आणि मुलांसाठी कागदासारखा पातळ, शंकूच्या आकारात उभा केलेला साखरेचा.

चहाचंही तेच. ‘तेह तारिक’ म्हणजे ओढलेला चहा. चहाच्या भुकटीचा कडक अर्क, त्यात डब्यातलं गोड घट्ट दूध. दोन मगांमध्ये हातभर उंचीवरून तो मागेपुढे ओततात. त्याने चहा निवतो, दूध नीट मिसळतं आणि वर फेस येतो. गोडवा सोसत नसेल तर ‘कुरांग मानिस’, गोड कमी, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. घरी न्यायचा असेल तर ‘बुंगकुस’; दोरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गरम चहा हातात येतो.

या शहरात धर्म ताटावर लक्ष ठेवून असतो. मुसलमानाला हलाल हवं, डुक्कर आणि दारू नको. हिंदूंना गोमांस चालत नाही. चिनी बौद्धांतही क्वान यिन या करुणेच्या देवीचे अनेक भक्त गोमांस टाळतात, पण डुक्कर त्यांचं रोजचं. आता तीन मित्र, एक मलाय, एक चिनी, एक तमिळ हिंदू, रात्री गप्पा मारायला निघाले तर बसणार कुठे? चिनी कॉफीच्या दुकानात मलाय मित्र अवघडतो. मामाकाकडे मात्र मलाय मुलगा निश्चिंतपणे कोंबडी मागवतो, चिनी मुलगा नूडल्स, तमिळ मुलगा रोटी आणि चहा. शेजारच्या भांड्यात गोमांस आहे म्हणून काही हिंदू इथे पाऊल ठेवत नाहीत, हेही खरं. पण फुटबॉलचा सामना, परीक्षेचा अभ्यास, नोकरी सुटल्याचं दुःख, हे सगळं देशभर मामाकाच्या टेबलावर निस्तरलं जातं, त्याचं कारण चवीपेक्षा या बेरीज-वजाबाकीत आहे.

बाजार रस्ता आणि दोन रथ

लेबुह पासार, म्हणजे मार्केट स्ट्रीट, आणि आजूबाजूच्या चार गल्ल्या हा पिनांगचा लिटल इंडिया. दुकानासमोर लावलेल्या स्पीकरवर तमिळ चित्रपटाचं गाणं, शेजारच्या स्पीकरवर दुसरं. मोगरा आणि झेंडूचे हार, सोन्याच्या पेढ्या, साड्या, पैसे बदलून देणारे, हळद-धण्याच्या गोणी. खसखशीला इथल्या मलाय दुकानातही ‘कास-कास’च म्हणतात. एके काळी या भागात नाट्टुकोट्टै चेट्टियारांच्या सावकारी पेढ्या होत्या. जमिनीवर बसायचं, समोर लाकडी पेटी, आणि मलायातल्या कथलाच्या खाणींपासून रबराच्या मळ्यांपर्यंत कर्ज.

क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मन मंदिर 1833 चं. त्याची पाठ जवळच्या त्या प्रसिद्ध रस्त्याकडे येते, ज्याच्यावर सेंट जॉर्ज चर्च, 1800 च्या सुमाराचं क्वान यिन देवीचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद काही मिनिटांच्या अंतरात आहेत. पर्यटन खातं त्याला सलोख्याचा रस्ता म्हणतं. सलोखा आहेच, पण देवळं जवळजवळ असण्याचं पहिलं कारण कंपनीने प्रत्येक समाजाला जमिनी आखून दिल्या, हे आहे. सलोखा नंतर, रोजच्या व्यवहारातून आला.

तो कसा दिसतो ते थैपुसमला बघावं. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा हा मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, उत्सव. आदल्या दिवशी चेट्टियारांचा चांदीचा रथ लिटल इंडियातून निघून वॉटरफॉल रस्त्यावरच्या त्यांच्या मंदिराकडे जातो. हा रथ 1894 पासूनचा. रथाच्या वाटेवर लोक रस्त्यात नारळांचे ढीग रचून ठेवतात आणि रथ जवळ आला की एकेक नारळ डांबरावर आपटून फोडतात. फोडणाऱ्यांत चिनी कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. कुणी नवस बोललेला, कुणाचा धंदा बरा चाललेला. रस्ता पाण्याने ओला होतो, करवंट्यांचा खच पडतो, मागून सफाईची यंत्रं येतात. दुतर्फा मांडव, त्यांत फुकट सरबत, ताक, शाकाहारी भात. दुसऱ्या दिवशी खांद्यावर कावडी घेतलेले, अंगात सळया टोचलेले भाविक डोंगरावरच्या मंदिराच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढतात.

2017 पासून रथ दोन आहेत. डोंगरावरच्या मंदिराने आपला सोन्याचा रथ आणला. एक चेट्टियारांच्या देवस्थानाचा, दुसरा सरकारने नेमलेल्या हिंदू देवस्थान मंडळाच्या देखरेखीतल्या मंदिराचा. मान कुणाचा, देणग्या कुणाकडे, हा वाद आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या देवस्थानाला ओळखीचा वाटेल. बाहेरून ‘मलेशियातले भारतीय’ म्हणून एकच गठ्ठा दिसतो. आत चेट्टियार आहेत, मळ्यातल्या मजुरांची नातवंडं आहेत, सिलोनी तमिळ, मल्याळी, पोलिसांत भरती होऊन आलेल्या शिखांचे वंशज, गुजराती आणि सिंधी व्यापारी आहेत. अलीकडे बायान लेपासच्या चिपच्या कारखान्यांत कामाला आलेले इंजिनिअरही आहेत. त्यांत मराठी कुटुंबं आहेत, आणि पोह्यांची सोय ती लिटल इंडियातूनच करतात.

मुंबईची नाटक कंपनी

पिनांगने मुंबईकडून घेतलेली एक गोष्ट मात्र स्वयंपाकघरातली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या बोटीने पूर्वेकडे दौरे काढत. ‘इंद्रसभा’सारखी गाण्यांनी भरलेली नाटकं, रंगवलेले पडदे, अप्सरा आणि राक्षस. पिनांगच्या लोकांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी गर्दी केली. 1880 च्या दशकात मामाक पुशी नावाच्या भारतीय वंशाच्या मुसलमानाने अशाच एका कंपनीचं सामान घेऊन मलाय भाषेत नाटकं करणारी मंडळी उभी केली. त्यातून ‘बंगसावान’ हा मलाय संगीत नाटकाचा प्रकार जन्माला आला. सुरुवातीला साथीला पेटी आणि तबला. पुढे अरबी कथा, चिनी प्रेमकहाण्या, शेक्सपिअर, सगळं त्याने पचवलं. मलाय सिनेमाने आपले पहिले नट आणि गायक इथूनच उचलले.

याच काळात आपल्याकडे काय घडत होतं, ते आठवून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहिला, असं मराठीतही करता येईल असं त्यांना वाटलं, आणि 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्याच एका बीजापासून पुण्यात मराठी संगीत नाटक उगवलं आणि पिनांगमध्ये बंगसावान. आपल्या संगीत नाटकाचा एक चुलतभाऊ मलाय बोलतो, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासात ठळक अक्षरांत यायला हवी. आणि तिथेही सूत्र तेच: प्रेक्षक कोण आहे ते बघून मामाक पुशीने भाषा बदलली. नासी कंदारवाल्याने रश्शाचं जे केलं, तेच त्याने नाटकाचं केलं.

पदार्थाचं नागरिकत्व

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाची न्याहारी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली: नासी लमाक (नारळाच्या दुधातला भात), रोती चनाई आणि तेह तारिक. बहुवांशिक समाजात एकत्र बसून खाण्याची पद्धत म्हणून हा मान मिळाला. तीनपैकी दोन गोष्टी तमिळ मुसलमानांच्या हातच्या. पदार्थ राष्ट्रीय झाले, आणि ते योग्यच झालं.

रांधणाऱ्यांचं इतकं सरळ झालं नाही. 1957 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नागरिकत्वाचे कागद सगळ्यांनी केले नाहीत. मळ्यांवरच्या अनेकांना त्यांचं महत्त्वही कळलं नाही. 1969 च्या दंगलीनंतर नागरिक नसलेल्यांना कामाचे परवाने सक्तीचे झाले आणि हजारो तमिळ बोटीने परत गेले. पुढे मळे विकले गेले, तिथे वसाहती आणि गोल्फची मैदानं झाली, आणि मळ्यातली घरं सुटलेली कुटुंबं शहरांच्या कडेला आली. देशाच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे सात टक्क्यांच्या आसपास. शिक्षणात, सरकारी नोकरीत, भांडवलात सवलती आहेत त्या ‘भूमिपुत्रांना’, म्हणजे मुख्यतः मलायांना. नोव्हेंबर 2007 मध्ये क्वालालंपूरच्या रस्त्यावर हजारो भारतीय उतरले, त्यामागे हा साठलेला राग होता. तिसऱ्या-चौथ्या पिढीतही ज्यांच्याकडे नागरिकत्वाचा कागद नाही, अशी माणसं आजही सापडतात.

तमिळ मुसलमानांची गोष्ट निराळी. मलेशियाच्या घटनेत ‘मलाय’ कोण, याची व्याख्या आहे: इस्लाम पाळणारा, मलाय बोलणारा, मलाय रीतीने राहणारा. मलाय घराण्यात लग्न झालेले अनेक जण या व्याख्येत सहज सामावले. पिनांगचे जावी पेरानाकन हे अशाच भारतीय-मलाय घरांचे वंशज. जे ठळकपणे तमिळ राहिले, त्यांच्या संघटना भूमिपुत्रांचा दर्जा मागत आल्या आहेत. म्हणजे राष्ट्राची न्याहारी ज्याने घडवली, त्याचाच ‘तू इथला का?’ हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

स्वयंपाकघरात दुसरीच अडचण आहे. पहाटे तीनला उठून कणीक मळायला मालकांची मुलं तयार नाहीत. ती वकील, हिशेबनीस, इंजिनिअर झाली. तव्यावर आणि भांड्यांवर उभे असतात ते बऱ्याचदा तमिळनाडू किंवा बांगलादेशातून परवान्यावर आलेले तरुण. मुस्लिम उपाहारगृहांच्या मालकांची संघटना कामगार मिळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं सरकारकडे खेटे घालते. त्यात पिनांग राज्याने 2016 पासून फेरीवाल्यांच्या गाड्यांवर स्थानिक पदार्थ परदेशी माणसाने रांधायचे नाहीत, असा नियम केला. चव जपायची म्हणून. पण जिची चव जपायची, ती गाडी मुळात लावली होती बोटीतून उतरलेल्या परदेशी माणसानेच. आज तव्यावर उभा असलेला रामनाथपुरमचा पोरगाही त्याच वाटेने आला आहे. फरक इतकाच, की त्याचा परवाना संपला की त्याला परत जावं लागतं.

नरकचतुर्दशीचं मटण

दिवाळीचा विषय दिवाळी अंकात टाळता येणार नाही. मलेशियात सारावाक सोडून सगळीकडे दीपावलीची सुट्टी असते. तमिळांची दिवाळी नरकचतुर्दशीची. पहाटे तेल लावून न्हाणं, नवे कपडे, देवदर्शन, इथपर्यंत आपल्यासारखंच. मग न्याहारीला इडली किंवा डोसा आणि त्याच्याबरोबर मटणाची करी. फराळ न करता मटण खाल्लं, तर आपल्याकडे आजी घराबाहेर काढेल. तिथे आजीच ते रांधते.

मग दार उघडं. ‘रुमाह तर्बुका’, म्हणजे उघडं घर, ही मलेशियाची सर्वांत सुंदर रीत. ईदला मलाय घर उघडं, चिनी नववर्षाला चिनी, दिवाळीला भारतीय. शेजारी, कचेरीतले सहकारी, मुलांचे मास्तर, सगळे येतात. टेबलावर मुरुक्कू असतात, चकलीचे सख्खे भाऊ; शेजारी मलाय पद्धतीची बिस्किटं आणि चिनी नववर्षात करतात ती अननसाची टार्ट. मुलांना पाकिटातून पैसे मिळतात. ही पाकिटं चिनी लाल पाकिटांवरून उचललेली. ईदला ती हिरवी झाली, दिवाळीला अनेक घरांत जांभळी.

यजमानीणबाईंचं खरं कौशल्य त्या मेजावर आहे. मुसलमान पाहुणे येणार म्हणून कोंबडी हलाल दुकानातून आणलेली. गोमांस अर्थातच नाही, डुक्करही नाही. क्वान यिनच्या व्रताने त्या दिवशी शाकाहारी असलेल्या चिनी मावशींसाठी वेगळी भाजी, वेगळा डाव. काही घरांत मुसलमान शेजाऱ्यांना संकोच नको म्हणून जेवण बाहेरच्या हलाल खानावळीतून मागवतात. कुणीही कुणाला विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे ताटावरून माणसाची जात ओळखायची सवय. इथे ताट यजमानाच्या धर्मावरून ठरत नाही, पाहुण्यांच्या यादीवरून ठरतं.

धंदा म्हणून सुरू झालेली ही नजर, म्हणजे समोरचा काय खातो आणि काय खात नाही हे आधी बघायचं, आता घरातली रीत झाली आहे. ती कुठल्या पुढाऱ्याने शिकवली नाही आणि शाळेच्या पुस्तकातूनही आली नाही. तिला मर्यादा आहेत: दिवाळीला प्रेमाने येऊन जेवणारा शेजारी दुसऱ्या दिवशी नोकरीच्या, घरभाड्याच्या, प्रवेशाच्या प्रश्नावर यजमानाच्या बाजूने उभा राहीलच, असं नाही. ताटावर जे जमलं ते कागदावर जमायला अजून अवकाश आहे. पण ज्या शहरांत ताटावरसुद्धा जमलेलं नाही, आणि तशी शहरं शोधायला आपल्याला बोटीने जावं लागत नाही, त्यांनी पिनांगला नावं ठेवण्याआधी आपल्या दिवाळीच्या पाहुण्यांची यादी एकदा काढून पाहावी.